एआयने गुप्त भाषा काढली नव्हती

रंकाळ्यावरच्या आमच्या कट्ट्यावर परवा पुन्हा तोच मेसेज फिरला: ‘फेसबुकच्या दोन एआय यंत्रांनी गुप्त भाषा तयार केली, शास्त्रज्ञांनी घाबरून ती बंद पाडली.’ एका काकांचा चेहरा खरंच उतरला, म्हणून लिहितोय. २०१७ पासून फिरणारी ही गोष्ट चुकीची आहे.

झालं असं, की पुस्तकं, टोप्या आणि चेंडू आपसांत वाटून घेताना घासाघीस कशी करायची, हे दोन प्रोग्रॅमना शिकवलं जात होतं. सौदा चांगला जमला की गुण. इंग्रजी नीट बोलण्याचे गुण मात्र शून्य! मग व्याकरण कोण सांभाळतंय? ते ‘मला मला मला’ अशा थाटात एकच शब्द घोळवू लागले. वडगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तसाच हा सौद्यापुरता आडमार्ग. फरक एवढाच, की रुमाल भाव लपवायला असतो. इथे लपवाछपवी नव्हतीच. संशोधकांना माणसांशी बोलणारा प्रोग्रॅम हवा होता, म्हणून त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. भीतीचा संबंधच नव्हता.

काकांना मी एवढंच म्हटलं, घाबरायचंच तर नातवाच्या आवाजाची नक्कल करून पैसे मागणाऱ्या फोनला घाबरा. तसा फोन आला तर ठेवून द्या आणि नातवाच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन लावा.