फी, भाकरी आणि छप्पर : महाराष्ट्रातील महाविद्यालयीन निवडीची पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली, तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तीत वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद होती आणि तिची फोड अशी होती : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. या फोडीत शिकवणी शुल्काला जागाच नाही, कारण फीचा प्रश्न शासनाच्या लेखी निराळा आहे आणि त्यासाठी निराळी योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आखलेली ही मदत म्हणजे वसतिगृहाचे रोख रकमेत केलेले रूपांतर होय. हे रूपांतर का करावे लागले, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

आज बारावीचा निकाल लागला की घरात तीन प्रश्नांवर स्वतंत्रपणे खल होतो : एकूण खर्च किती येईल, शिष्यवृत्ती किंवा सवलत किती मिळेल, आणि त्या कॉलेजचे वातावरण कसे आहे. मराठी मुलखात जवळजवळ शंभर वर्षे हे तीन प्रश्न सुटे नव्हते. ज्या मुलाच्या घरी पैसा नव्हता, त्याला तिन्हींचे उत्तर एकाच दारात मिळे किंवा मिळत नसे, आणि ते दार वसतिगृहाचे, जुन्या बोलीत बोर्डिंगचे, असे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकी होती आणि ती मुंबई-पुण्यातच होती. फी होतीच, पण कोकणातून किंवा घाटावरच्या खेड्यातून आलेल्या मुलासमोर त्याआधीचा प्रश्न असे, तो म्हणजे दोन वेळचे जेवण. पुण्यात त्यासाठी वार लावण्याची आणि माधुकरीची पद्धत होती : आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे, किंवा दारोदार हिंडून अन्न गोळा करून आणायचे. या पद्धतीवर शिकून मोठी झालेली माणसे पुढे तिच्याविषयी कृतज्ञतेने लिहीत आली आहेत आणि त्या कृतज्ञतेत खोटे काही नाही. मात्र हे आर्थिक साहाय्य स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मिळत होते आणि त्या उंबऱ्याला जात होती. ब्राह्मण मुलाला वार मिळे. कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा महाराच्या मुलाला तो मिळण्याचा संभवच नव्हता. कोणाला जेवू घालायचे हे ज्याने ठरवले, त्यानेच वर्गात कोण बसेल हेही ठरवून टाकले.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांना ही गोष्ट प्रत्यक्ष अनुभवातून कळली. १८९६ साली त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, पण काही वर्षांतच तिथे एकाच जातीची मुले उरली. मग त्यांनी उलट वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार वसतिगृहे काढून जात पक्की केली, असा आक्षेप या धोरणावर घेतला जातो. आधीचा फसलेला प्रयोग डोळ्यांसमोर ठेवला तर तो आक्षेप मला अपुरा वाटतो. पण त्यात तथ्य मुळीच नाही असेही म्हणवत नाही, कारण प्रत्येक बोर्डिंगबरोबर त्या त्या समाजाचे वळण आलेच.

त्या वळणाची एक गोष्ट सर्वश्रुत आहे. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला, परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. राहण्या-जेवण्याची सोय आणि तिथले वातावरण यांचा संबंध याहून थोडक्यात सांगता येणार नाही : सवलत हवी तर घराचे नियम पाळा, नियम मोडले तर सवलत गेली. याच भाऊरावांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह काढले की जिथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत आणि शेतात, बांधकामावर राबत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी स्वतःचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. दान घेणाऱ्याला देणाऱ्याचे नियम मुकाट्याने पाळावे लागतात हे भाऊरावांनी स्वतः भोगले होते, म्हणून त्यांनी साहाय्य दानाच्या रूपात न देता श्रमाच्या मोबदल्याच्या रूपात दिले; ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या वाक्याचा हा हिशेबी अर्थ सहसा लक्षात घेतला जात नाही.

पैसा मिळाला तरी छप्पर मिळतेच असे नाही, याचा धडा डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये नोकरीसाठी ते बडोद्याला आले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सहज मिळालेली खोली तिथे मिळेना, आणि ओळख लपवून राहावे लागलेल्या पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते, ते १९२५ मध्ये सुरू झाले. १९४६ मध्ये मुंबईत त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज निघाले ते सकाळच्या वर्गांचे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता यावी अशा बेताने. १९५० मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाभोवती नागसेनवनाचा परिसर उभा राहिला, जिथे मराठवाड्यातल्या दलित मुलांच्या पहिल्या पिढीला वर्ग, निवास आणि वाचन-वादाचे वातावरण एकाच आवारात लाभले. नाशिकचे उदाजी मराठा बोर्डिंग, अमरावतीचे श्रद्धानंद छात्रालय आणि मुलींच्या बाबतीत महर्षी कर्व्यांचे हिंगणे हे याच परंपरेतले आहेत. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ही तिची अलीकडची शाखा मानता येईल.

राज्यसंस्था या व्यवहारात उशिरा उतरली आणि ती फीच्या बाजूने उतरली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या तोंडी ती आजही ‘जीओआय’ म्हणजे भारत सरकार शिष्यवृत्ती आहे. द्विभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, वार्षिक १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. ही ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची, सवलत जातीवर नव्हे तर उत्पन्नावर आधारलेली होती, आणि तिने तलाठ्याकडच्या उत्पन्नाच्या दाखल्याला जे महत्त्व आणले ते अजून ओसरलेले नाही. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये, मराठवाडा १९५८ मध्ये आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाल्याने कॉलेज जिल्ह्यापर्यंत आले. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांची फी मुळातच माफक असल्यामुळे ती माफ करणे सरकारला परवडत होते, आणि घरापासून एसटीच्या अंतरावर कॉलेज आल्यामुळे जेवणाचा प्रश्नही बऱ्याच जणांपुरता सुटला : सकाळच्या गाडीने डबा येई.

हे गणित १९८३ मध्ये बदलले. तोवर अभियांत्रिकीसाठी पुण्याचे शासकीय कॉलेज, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद अशी मोजकी ठिकाणे होती आणि जागा न मिळालेली सधन घरची मुले देणगी भरून कर्नाटकात जात. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि साखर कारखान्यांच्या व सहकाराच्या पट्ट्यातील पुढाऱ्यांनी भराभर संस्था काढल्या. शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला तो या निर्णयामुळे, हे मान्य करावे लागते. पण त्याच क्षणी फी हा खर्चाचा सर्वांत मोठा आकडा झाला, आणि माफक फी गृहीत धरून रचलेली सवलतीची यंत्रणा उघडी पडली. देणगीला आळा घालणारा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा राज्याने १९८७ मध्ये केला. देणगी बंद झाली असे कोणीही पालक सांगणार नाही.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे फी कोणी ठरवायची हा वाद न्यायालयात चालला. कर्नाटकातून निघालेल्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी निम्मी-निम्मी वाटणी केली, म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाच्या फीतून दुसऱ्याचा खर्च भागू लागला. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ही योजना मोडीत काढली : संस्थेने वाजवी शिल्लक राखावी, नफेखोरी करू नये, असे तत्त्व आले. २००३ मध्ये निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली शुल्क समित्या नेमण्याचा आदेश झाला, आणि २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या खटल्यात विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आरक्षण लादता येणार नाही असे ठरल्यावर अशा आरक्षणाची मुभा देण्यासाठी संसदेला त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करावी लागली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये प्रवेश व शुल्क नियमनाचा कायदा केला. आज प्रत्येक खासगी व्यावसायिक महाविद्यालयाची फी निराळी असते आणि ती शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते. शेजारशेजारच्या दोन कॉलेजांच्या फीत मोठी तफावत दिसते, तिचे मूळ या व्यवस्थेत आहे.

वातावरणाचा धागा या काळात फीच्या वादाखाली दबून गेला. स्नेहसंमेलने, १९६३ पासून पुण्यात चालत आलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा, वादविवाद मंडळे ही जुन्या अनुदानित कॉलेजांची मिरास होती. नव्या आवारांत यंत्रशाळा आधी आली आणि नाट्यगृह आलेच नाही, असे पुष्कळ ठिकाणी घडले. विद्यार्थी निवडणुकांतील हिंसाचारामुळे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या. १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा करावा लागला, म्हणजे वसतिगृहाचे वातावरण हा आता पालकांच्या धास्तीचा विषय झाला होता. एकेकाळी बोर्डिंगचा रेक्टर हाच पालक असे. कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि मेसचा डबा खाणाऱ्या मुलाला रेक्टरच उरला नाही.

साहाय्याची जुनी नावे मात्र टिकून आहेत. ईबीसी सवलतीचे रूपांतर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत झाले आणि तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपयांवर गेली. वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजनेला श्रद्धानंद छात्रालयाच्या संस्थापकांचे, डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. ज्यांनी इमारती उभारल्या त्यांची नावे आता शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या अर्जांना आहेत आणि मदत आधारशी जोडलेल्या खात्यात येते. तिचा फायदा असा की मंगळसूत्र मोडण्याची वेळ कोणावर येत नाही आणि शुद्धीची आंघोळ कोणी मागत नाही. तोटा असा की पैसे सत्र संपत आल्यावर जमा झाले, तरी खानावळवाला पहिल्या तारखेलाच दारात असतो.

जुलै २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण भरपाई करण्याचा निर्णय घेतला. त्या वर्षापासून बीड किंवा नंदुरबारच्या मुलीच्या घरी पुण्याच्या कॉलेजचा हिशेब मांडताना फीचा रकाना रिकामा राहू लागला, आणि चर्चा खोलीचे भाडे, मेस, लेडीज होस्टेलची वेळ आणि तिथे आधी शिकत असलेली गावातली कोणी मुलगी ओळखीची आहे का, यांवर आली. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅप राउंडच्या, पर्याय-अर्जात कॉलेजचा आणि शाखेचा सांकेतांक भरायचा असतो. यातली कोणतीही गोष्ट त्या अर्जात विचारलेली नसते.