सांधे सुजवणारं आणि टीबीला कोंडून ठेवणारं एकच प्रोटीन: टीएनएफची पार्श्वभूमी

"दुखून राहिले गुडघे, वाकडी होऊन राहिली बोटं, अन् डॉक्टर म्हणते आधी छातीचा फोटो काढून आणा, काहून?" हा प्रश्न आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत आता ऐकू यायला लागलाय. आमवाताच्या गोळ्यांनी भागत नाही अशा पेशंटला नागपूर-अमरावतीच्या डॉक्टरकडून बायोलॉजिक इंजेक्शनचा (जिवंत पेशींत बनवलेल्या प्रोटीनच्या औषधाचा) सल्ला मिळतो, आणि त्याच्या आधी एक्सरे, टीबीसाठी हातावर टोचून करायची माँटू टेस्ट, कधी रक्ताची वेगळी तपासणी. घरच्यांना वाटतं उगाच खर्चात पाडून राहिले. तसं नाहीये. त्या एका एक्सरेच्या मागे शंभर वर्षांच्या वर इतिहास आहे, आणि तो इतिहास एका प्रोटीनचा आहे, नाव टीएनएफ, म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. माझ्या मते विदर्भातल्या माणसाला हा इतिहास जास्तच माहीत असायला पाहिजे, कारण टीबी आणि कुष्ठरोग हे दोन्ही आजार आपल्या मातीत जुने आहेत आणि दोन्हींमध्ये हे प्रोटीन मधोमध बसलेलं आहे.

आधी थोडक्यात काम समजून घेऊ. वावरात चालताना बाभळीचा काटा रुतला की तासाभरात तिथं लाल होतं, सुजतं, गरम लागतं आणि ठणकतं. रोममधल्या सेल्सस नावाच्या लेखकानं ही चार लक्षणं जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. आतमध्ये होतं असं की काट्यासोबत जंतू शिरले हे तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींना कळतं आणि त्या टीएनएफ सोडतात. अशा प्रोटीनना सायटोकाइन म्हणतात, एका पेशीनं दुसरीला निरोप द्यायचा त्यासाठी. टीएनएफचा निरोप पोचला की जवळच्या रक्तवाहिन्यांची आतली भिंत चिकट होते आणि थोडी सैल पडते, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं अडकतात, बाहेर पडतात आणि जंतूंवर जातात, पाणीही झिरपतं म्हणून सूज. जास्त प्रमाणात झालं तर तोच निरोप मेंदूपर्यंत जातो, ताप येतो, भूक मरते. थोड्या जागेत थोडा वेळ हे झालं तर ते संरक्षण आहे. सगळ्या अंगात एकदम झालं, किंवा महिनोन्महिने थांबलंच नाही, तर तोच आजार.

हे सगळं कळायला मात्र फार उलटा रस्ता घ्यावा लागला, कारण टीएनएफ सापडलं ते ना टीबीत ना सांधेदुखीत, ते सापडलं कॅन्सरच्या मागे लागून. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचा तरुण सर्जन होता. त्याला हॉस्पिटलच्या जुन्या कागदांत एक केस सापडली, मानेवर गाठ असलेला एक माणूस, ऑपरेशन करूनही गाठ परत परत येत होती, मग त्याला चामडीचं जोरदार इन्फेक्शन झालं, कडक ताप आला, आणि गाठ विरघळून गेली. कोलीनं त्या माणसाला वस्तीत फिरून शोधून काढलं, सात वर्षांनंतर, आणि तो ठणठणीत होता. 1891 पासून कोली स्वतः कॅन्सरच्या पेशंटना जिवंत जंतू टोचायला लागला, नंतर मारलेल्या दोन प्रकारच्या जंतूंचं मिश्रण. काही जण खरंच बरे झाले, काही त्या इन्फेक्शननंच गेले, आणि कोणाला लागू पडेल कोणाला नाही हे सांगता येईना. मग रेडिएशन आलं, केमो आलं आणि कोलीची पद्धत मागे पडली. त्याच्या मुलीनं, हेलन कोली नॉट्सनं, बापाच्या पेशंटचे जुने रेकॉर्ड एकेक करून गोळा केले आणि 1953 मध्ये कॅन्सर संशोधनासाठी संस्था उभी केली. ती स्वतः डॉक्टर नव्हती, तरी तिनं चिकाटी सोडली नाही, म्हणून हा धागा तुटला नाही असं मला मनापासून वाटतं.

धागा पुढे ओढला लॉइड ओल्ड नावाच्या कॅन्सर संशोधकानं. 1975 मध्ये त्याच्या टीमनं उंदरांना आधी बीसीजी दिली, हो तीच बीसीजी जी आपल्याकडं बाळ जन्मलं की डाव्या दंडावर टोचतात, आणि नंतर जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन दिलं. त्या उंदरांचं सीरम काढून गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिलं तर गाठ आतून काळी पडून सडायला लागली. म्हणजे गाठ जंतू मारत नव्हते, जंतूंना उत्तर म्हणून शरीर जे सोडतं ते मारत होतं. त्या अज्ञात पदार्थाला गाठ सडवणारा घटक म्हणून ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नाव पडलं, आणि ते नाव आजही चिकटून आहे, जरी त्याचं मुख्य काम गाठ सडवणं नाही.

याच काळात रॉकफेलर युनिव्हर्सिटीत अँथनी सेरामी एका अगदीच वेगळ्या प्रश्नाच्या मागे होता. आफ्रिकेतली ढोरं ट्रिपॅनोसोम नावाच्या परजीवीनं आजारी पडतात आणि हाडं दिसेपर्यंत वाळतात, पण रक्तात परजीवी पाहिले तर मोजकेच. एवढ्याशा परजीवीनं एवढं मोठं ढोर वाळतं कसं? ज्याच्या गोठ्यात बैल असा खंगलेला आहे त्याला या प्रश्नाचं वजन वेगळं सांगायला नको. सेरामीचा अंदाज होता की वाळवणारा पदार्थ परजीवीचा नाही, ढोराच्या स्वतःच्या शरीराचा आहे. त्यानं आणि ब्रूस बॉयटलरनं तो वेगळा काढला, कॅकेक्टिन नाव दिलं, आणि 1985 मध्ये त्याची रचना जुळवून पाहिली तर काय, हे आणि टीएनएफ एकच! आदल्याच वर्षी, 1984 मध्ये, जेनेंटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी टीएनएफचा जीन क्लोन केला होता म्हणून ही जुळणी पटकन झाली. टीबीच्या पेशंटचं वजन उतरतं, गाल आत जातात, जेवणावरून मन उडतं, त्यात या प्रोटीनचा वाटा आहे. माणूस जेवत नाही म्हणून घरचे रागावतात, पण ती भूक आतूनच मारलेली असते, हे घरच्यांना कोणी नीट सांगितलं पाहिजे.

जीन हातात आल्यावर कॅन्सरवाले खूश झाले, आता हवं तेवढं टीएनएफ बनवू आणि टोचू. टोचलं. पेशंटना हुडहुडी, कडक ताप, बीपी धाडकन खाली. गाठी फारशा कमी झाल्या नाहीत. जे प्रोटीन औषध म्हणून आणलं तेच सेप्टिक शॉकसारखी, म्हणजे अंगभर इन्फेक्शन पसरून बीपी कोसळतो तशी, अवस्था करत होतं, आणि केव्हिन ट्रेसी नावाच्या सर्जननं 1986 मध्ये उंदरांत व 1987 मध्ये बबून माकडांत दोन्ही बाजूंनी दाखवून दिलं, टीएनएफ दिलं तर शॉक, टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी वेळेत दिली तर जंतू रक्तात सोडूनही माकड वाचतं. मग सेप्सिसच्या, म्हणजे अशा अंगभर इन्फेक्शनच्या, माणसांवर तसल्या अँटिबॉडीच्या मोठमोठ्या ट्रायल झाल्या आणि त्या फसल्या, कारण माणूस आयसीयूत पोचतो तोपर्यंत टीएनएफची पहिली लाट येऊन गेलेली असते.

इथं कुष्ठरोगाकडं वळतो, कारण हा भाग आपला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केलं, सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची स्वतः मालिश करायचे, वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन उभं राहिलं. या ठिकाणी काम केलेल्या माणसांनी एक गोष्ट जवळून पाहिलेली आहे, गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावरसुद्धा पेशंटला अचानक ताप चढतो, अंगावर लाल दुखऱ्या गाठी येतात, नसा ठणकतात, डोळे लाल होतात. डॉक्टर त्याला ईएनएल रिॲक्शन म्हणतात. गावात लोकांना वाटतं रोग उलटला, गोळ्या भोवल्या, आणि गोळ्या बंद. खरं म्हणजे जंतू बहुतेक मेलेले असतात आणि त्यांच्या उरलेल्या अवशेषांवर शरीर पेटलेलं असतं.

1964 मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन नावाच्या डॉक्टरनं अशाच एका पेशंटला, दुखण्यानं झोपच येत नव्हती म्हणून, झोपेची गोळी म्हणून थॅलिडोमाइड दिलं. हे तेच बदनाम औषध, 1957 मध्ये जर्मनीत बाजारात आलं, गरोदर बायांनी घेतलं आणि जगभरात दहा हजारांवर बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली, 1961 मध्ये ते मागे घेतलं गेलं. पण शेस्किनच्या पेशंटच्या गाठी दोन-तीन दिवसांत बसल्या. का बसल्या हे कळायला आणखी सत्तावीस वर्षं गेली. 1991 मध्ये गिला कॅप्लनच्या टीमनं दाखवलं की थॅलिडोमाइड पांढऱ्या पेशींमधून निघणारं टीएनएफ कमी करतं, आणि रिॲक्शनमधल्या पेशंटच्या रक्तात टीएनएफ वाढलेलं असतं. 1998 मध्ये अमेरिकेनं ईएनएलसाठी ते औषध कडक अटींवर मंजूर केलं. आजही गरोदर बाईला ते द्यायचंच नसतं, गरोदर राहू शकणाऱ्या बाईला देताना फार जपावं लागतं, आणि एकानं दुसऱ्याची गोळी घेणं तर कधीच नाही, कधीच नाही.

आता सांधे. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी, हे मैनी मूळचे लुधियानाचे, आमवातातल्या सांध्यांच्या पेशी काचेत वाढवून बघत होते. तिथं एक नाही, ढीगभर सायटोकाइन सापडत होते आणि सगळे म्हणायचे की एकाला अडवून काय होणार, बाकीचे आहेतच. पण 1989 मध्ये त्यांच्या टीमला, फिओनुला ब्रेनन त्यात आघाडीवर होती, दिसलं की टीएनएफ अडवलं की इंटरल्यूकिन-1 सुद्धा खाली येतं, म्हणजे टीएनएफ वरच्या टोकाला बसलंय आणि बाकीचे त्याच्या मागे. 1991 मध्ये ग्रीसच्या जॉर्ज कोलियासनं जास्तीचं टीएनएफ बनवणारे उंदीर तयार केले, त्यांचे सांधे आपोआप सुजले. 1992 मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलला वीस पेशंटना, ज्यांच्यावर बाकी औषधं हरली होती, टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी, इन्फ्लिक्सिमॅब, दिली गेली. सूज उतरली, सकाळचा आखडलेपणा गेला. औषधाचा असर संपला की दुखणं परत यायचं, परत डोस दिला की परत बसायचं, आणि यावरूनच खात्री पटली. इन्फ्लिक्सिमॅब 1998 मध्ये आधी आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी आमवातासाठी, एटानरसेप्ट 1998, ॲडलिमुमॅब 2002. हीच ती टीएनएफ अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं.

आणि मग टीबी. ऑक्टोबर 2001 मध्ये अमेरिकेतून रिपोर्ट आला, इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये टीबीच्या 70 केसेस, त्यातल्या 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसनंतरच. निम्म्याहून जास्त जणांना टीबी फुप्फुसाच्या बाहेर, 17 जणांच्या तर अंगभर पसरलेला. आणि बहुतेक केसेस अशा देशांतल्या, जिथं टीबी आधीच कमी! खरं तर इशारा आधीच होता, 1995 मध्ये जोआन फ्लिन यांनी दाखवलं होतं की टीएनएफचा निरोप न पोचणारे उंदीर टीबीनं पटापट मरतात. कारण असं की टीबीचा जंतू बऱ्याच जणांच्या अंगात मरत नाही, पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती जमून ग्रॅन्युलोमा नावाची गाठ करतात आणि जंतूला आत कोंडतात, वावराला काटेरी कुंपण घालावं तसं, आणि ते कुंपण टिकवून धरायला टीएनएफ रोज लागतं. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांमध्ये टीबीचा संसर्ग झालेला आहे, त्यातल्या 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधी आजार होतो. टीएनएफ बंद केलं की हा हिशेब बदलतो.

याचा अर्थ टीबीत टीएनएफ जास्त तेवढं चांगलं असाही नाही. ललिता रामकृष्णन, बडोद्यातून एमबीबीएस झालेल्या आणि आता केंब्रिजला असलेल्या शास्त्रज्ञ, झेब्राफिश नावाच्या माशाच्या आरपार दिसणाऱ्या पिल्लांमध्ये टीबीच्या जंतूचा भाऊबंद सोडून बघतात. त्यांना दिसलं की टीएनएफ कमी पडलं तर मॅक्रोफेजच्या आत जंतू बेसुमार वाढतात आणि ती पेशी फुटते, आणि फार जास्त झालं तर मॅक्रोफेज स्वतःच मरते व जंतू बाहेर मोकळे होतात. दोन्ही बाजूंनी जंतूचाच फायदा.

म्हणून एक्सरे. भारतात जगातल्या टीबीच्या जवळपास चौथा हिस्सा केसेस आहेत, आणि 2014 मध्ये ॲडलिमुमॅबचं देशी बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध) आल्यापासून ही इंजेक्शनं हळूहळू तालुक्याच्या माणसाच्या आवाक्यात येऊन राहिली आहेत, म्हणजे प्रश्न वाढणारच. एक्सरे आणि माँटू किंवा रक्ताची आयजीआरए टेस्ट करतात, आधीपासून स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट (आमवाताची नेहमीची गोळी) चालू असेल तर माँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते म्हणून डॉक्टर एकाच टेस्टवर थांबत नाहीत. लपलेला संसर्ग निघाला तर टीबी होऊ नये म्हणून गोळ्या देतात, रोज सहा महिने आयसोनियाझिड किंवा आठवड्यातून एकदा असा 12 आठवड्यांचा कोर्स, आणि सरकारी टीबी कार्यक्रमात अँटी-टीएनएफ सुरू करणाऱ्यांचा या गोळ्यांसाठी वेगळा उल्लेखच आहे, आशाताईला विचारा, पीएचसीत विचारा. पण आपल्या गावांत एवढ्यावर काम संपत नाही, कारण टेस्ट फक्त त्या दिवसापर्यंतचा संसर्ग सांगते, आणि इंजेक्शन घेऊन माणूस परत त्याच घरात, त्याच शेजारात येतो जिथं कोणीतरी महिनाभर खोकत असतं आणि थुंकी तपासायला जात नसतं. त्यामुळे इंजेक्शन चालू असेपर्यंत दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन किंवा मानेत नाहीतर काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरला सांगायचं, आणि घरात खोकणारं कोणी असेल तर त्याची थुंकीसुद्धा तपासायची.