होल सॉ आणि फुल स्पीडचा गैरसमज

होल सॉ म्हणजे मोठं गोल भोक पाडायला ड्रिल मशीनला लावायचा, काठाला दात असलेला वाटीसारखा सॉ. "लोखंडावर होल सॉ चालवायचा तर मशीन फुल स्पीडला सोडायचं, नाहीतर कापणारच नाही" हे दुकानात, साईटवर सगळीकडे ऐकायला मिळतं आणि ते साफ चुकीचं आहे. धातूला स्पीड कमी लागतो आणि दाब जास्त.

समजा स्टीलच्या सिंकला नळासाठी ३५ मिमीचं भोक पाडायचंय. बाय-मेटल होल सॉला (दात कडक स्टीलचे, बाकी अंग लवचिक स्टीलचं) साध्या लोखंडात २५० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला २५० फेऱ्यांच्या, आसपास पुरे, स्टेनलेसला त्याच्याही निम्मा, आणि भोक अजून मोठं असेल तर अजून कमी, कारण काठावरचे दात एका फेऱ्यात तेवढं जास्त अंतर कापतात. घरातलं ड्रिल मशीन फुल दाबलं की अडीच हजाराच्या पुढे जातं, मग दात कापत नाहीत, नुसते घासतात, पत्रा निळा पडतो आणि स्टेनलेस तर घासून जागच्या जागी कडक होतं, तिथे मग नव्या सॉलाही जड जातं. हळू फिरवा, दाब सोडू नका, कटिंग ऑईल टाकत राहा. वळलेला कीस पडतोय म्हणजे बरोबर चाललंय, धूर दिसला की थांबा. मशीनचा ठोके देणारा हॅमर मोड बंदच ठेवा, दात उडतात.

लाकडाला दुप्पट स्पीड चालतो, पण मधे मधे सॉ बाहेर काढून भुसा झटका. सॉच्या मधोमध असलेल्या पायलट ड्रिलचं टोक पलीकडे निघालं की फळी उलटून त्या बाजूने कापा, प्लायचे टवके उडत नाहीत. स्वस्तातला कार्बन स्टीलचा सेट मात्र लाकूड, प्लायपुरताच, लोखंडाला तो कितीही हळू फिरवला तरी लावू नका.