सोडिअमचा प्रवाह वाढतो की घटतो? एससीएन१ए जनुकावरच्या मतभेदाची पार्श्वभूमी

एससीएन१ए हे जनुक सोडिअम चॅनेल घडवतं, म्हणजे चेतापेशीच्या आवरणातलं सोडिअम आत सोडणारं दार. या जनुकातल्या बदलाने तो प्रवाह वाढतो की घटतो, यावरून मतभेद झाला. हे जनुक अपस्माराशी जोडलं गेलं २००० साली. त्याआधी १९९५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कुटुंबातल्या रात्री येणाऱ्या झटक्यांचा माग सीएचआरएनए४ या जनुकापर्यंत लागला होता. १९९८ मध्ये नवजात बाळांच्या आनुवंशिक आकडीमागे केसीएनक्यू२ आणि केसीएनक्यू३ ही पोटॅशिअम चॅनेलची जनुकं सापडली. त्यांचं गणित सरळ होतं: पोटॅशिअम बाहेर पडणं कमी झालं की चेतापेशी शांत व्हायला उशीर लागतो. सोडिअमच्या बाबतीत मात्र पहिली काही वर्षं भलत्याच निष्कर्षावर गेली, आणि त्याचा संबंध थेट औषधाच्या चिठ्ठीशी आहे.

२००० सालच्या त्या कामात दोन फ्रेंच कुटुंबं होती. त्यांच्यात तापातली आकडी सहा वर्षांच्या वयानंतरही थांबत नव्हती आणि काहींना तापाशिवायही झटके येत होते. एका कुटुंबात आर१६४८एच हा बदल सापडला, म्हणजे प्रथिनाच्या १६४८व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. (हा क्रमांक २००९ अ‍ॅमिनो आम्लांच्या लांब रूपाचा. प्रथिनाचं ११ आम्लांनी आखूड रूपही वापरात आहे. त्यात हीच जागा १६३७ होते. जुने निबंध शेजारी ठेवून वाचताना हे आधी तपासावं.) ही जागा चॅनेलच्या चौथ्या भागातल्या चौथ्या खंडात येते. विद्युतदाब ओळखणारा हा खंड चॅनेलच्या निष्क्रिय होण्याशी, म्हणजे उघडल्यावर आपोआप मिटण्याशी, घट्ट बांधलेला आहे. त्यामुळे चॅनेल नीट मिटत नसेल, सोडिअम जास्त आत येत असेल आणि पेशी भडकत असेल, हा अंदाज सगळ्यांनाच पटला.

प्रयोगांनीही तसंच सांगितलं. २००१ मध्ये बेडकाच्या अंडपेशीत हा बदल असलेला चॅनेल निष्क्रियतेतून लवकर सावरताना दिसला. २००२ मध्ये माणसाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशीसमूहात तो पुरता मिटत नसल्याचं आणि थोडा प्रवाह रेंगाळत असल्याचं दिसलं. यंत्रणा वेगळी, पण दोन्हींचा कौल प्रवाह वाढल्याचाच.

अडचण बेल्जियममधल्या अँटवर्पहून आली, आणि तीही २००१ मध्येच. फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये १९७८ साली वर्णन झालेल्या, पुढे द्रावे सिंड्रोम म्हणून ओळखल्या गेलेल्या, तान्हेपणी सुरू होणाऱ्या भीषण अपस्माराची सात मुलं तपासली गेली. सातही जणांत एससीएन१ए मध्ये नवा बदल निघाला, जो आईवडिलांत नव्हता. यातले बहुतेक बदल असे होते की प्रथिन अर्ध्यावरच तुटतं, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी त्या प्रतीपासून चालणारा चॅनेल तयारच होत नाही. सौम्य आजारात प्रवाह वाढतो आणि त्याच कुळातल्या भीषण आजारात तो निम्म्यावर येतो, या दोन गोष्टी एकत्र नांदणं कठीण होतं.

पेशीसमूहातल्या मोजमापांवर इतकं का विसंबू नये, हे कामाच्या पायऱ्या पाहिल्या की कळतं. या जनुकाची सुमारे ६,००० अक्षरांची प्रत बॅक्टेरियात वाढवावी लागते आणि ती तिथे टिकत नाही. अक्षरं आपोआप बदलतात, तुकडे गळतात. म्हणून बॅक्टेरिया ३० अंशांवर सावकाश वाढवायचे आणि दर वेळी संपूर्ण प्रत वाचून घ्यायची. नाहीतर आपण मोजतो तो बदल रुग्णाचा की बॅक्टेरियाचा, हे सांगता येत नाही. पुढे पॅच क्लॅम्पमध्ये, म्हणजे काचेच्या बारीक पिपेटने एकेका पेशीचा प्रवाह मोजताना, पेशी उणे १२० मिलिव्होल्टवर धरून उणे १० पर्यंत उडी दिली की समजा ५ नॅनोअँपिअरचा कमाल प्रवाह मिळाला. पिपेट आणि पेशी यांच्यातला मालिका रोध ३ मेगाओहम असेल, तर १५ मिलिव्होल्टची चूक तिथेच होते. ८० टक्के भरपाई केली तरी ३ मिलिव्होल्ट उरतात.

रेंगाळणारा प्रवाह तर त्याहून नाजूक. कमाल प्रवाहाचा एक टक्का म्हणजे ५० पिकोअँपिअर. पिपेटची पकड १ गिगाओहमची असेल, तर ११० मिलिव्होल्टच्या त्या उडीत नुसती गळतीच ११० पिकोअँपिअर होते. म्हणून टेट्रोडोटॉक्सिन हे सोडिअम चॅनेल बंद करणारं विष देण्याआधी आणि दिल्यानंतर मोजून वजाबाकी करावीच लागते. तापमानाचा प्रश्न वेगळाच. ही मोजमापं बहुधा २० ते २२ अंशांवर होतात, आणि आजार ३९ अंशांच्या तापात भडकतो. काही बदललेले चॅनेल ३७ अंशांवर नीट घडी न पडल्यामुळे पेशीच्या आतच अडकतात, पण पेशी ३० अंशांखाली वाढवल्या तर पृष्ठभागावर पोचतात आणि निरोगी वाटतात.

हे सगळं काटेकोर सांभाळलं तरी मूत्रपिंडाची पेशी एक गोष्ट सांगू शकत नाही: मेंदूतल्या कोणत्या चेतापेशीचा गाडा या चॅनेलवर चालतो. माझ्या मते खरी चूक इथेच झाली.

ती उलगडली २००६ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या उंदरांनी. या जनुकाच्या दोन्ही प्रती नसलेली पिल्लं पंधराव्या दिवसाच्या आसपास दगावली. एक प्रत असलेल्यांना तिसऱ्या आठवड्यानंतर झटके सुरू झाले, आणि त्यांचं प्रमाण उंदराच्या जातीनुसार खूप बदललं. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या पेशी सुट्या करून मोजल्यावर, इतर पेशींना चेतवणाऱ्या उत्तेजक पेशींतला सोडिअमचा प्रवाह शाबूत निघाला. तो घटला होता इतर पेशींना शांत करणाऱ्या निरोधक पेशींत. उत्तेजक पेशींकडे सोडिअमचे इतर चॅनेल पुरेसे असतात, तर वेगाने संकेत सोडणाऱ्या निरोधक पेशी याच चॅनेलवर टेकलेल्या असतात. पुढच्याच वर्षी जपानमधल्या उंदरांनीही तेच दाखवलं. २०१० मध्ये आर१६४८एच हाच बदल उंदराच्या मूळ जनुकात बसवला गेला, तेव्हाही मुख्य बिघाड निरोधक पेशींतच सापडला. प्रवाह वाढवणारा म्हणून ज्याची नोंद झाली होती, तोच बदल मेंदूत निरोध कमी करत होता.

मतभेद तिथे संपला नाही. २०१३ मध्ये रुग्णांच्या त्वचेतून मूळपेशी आणि त्यांपासून चेतापेशी बनवणाऱ्या एका चमूला निरोधक पेशी दुबळ्या दिसल्या, तर दुसऱ्या चमूला दोन्ही प्रकारच्या पेशींत सोडिअमचा प्रवाह वाढलेला दिसला. बशीतल्या या पेशी वयाने कोवळ्या असतात आणि हा चॅनेल मेंदूत जन्मानंतर वाढत जातो. त्यामुळे त्या निकालांना उंदरांच्या मेंदूतल्या मोजमापांइतकं वजन देऊ नये, असं मला वाटतं.

दवाखान्यात ही दिशा आधीच जाणवली होती. लॅमोट्रिजिन या अपस्माराच्या औषधाने द्रावे असलेल्या बहुतेक मुलांचे झटके वाढतात, हे १९९८ मध्येच नोंदलं गेलं होतं, जनुक सापडण्याच्याही आधी. कारण आता स्पष्ट आहे. लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं सोडिअम चॅनेल अडवतात. निरोधक पेशींकडे मुळात निम्मेच चॅनेल उरलेले असतात, तेही अडले की निरोध आणखी ढासळतो. म्हणून बाळाला सहा महिन्यांच्या वयाच्या आसपास तापात लांबलेला, एका बाजूचा झटका आला तर ही औषधं नेहमीसाठी सुरू करण्याआधी जनुक तपासणी मागवावी. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही सुरुवातीची औषधं. जोडीला दिलं जाणारं स्टिरिपेंटॉल युरोपात २००७ पासून मंजूर आहे. अमेरिकेत ते आणि कॅनाबिडिऑल २०१८ मध्ये, तर फेनफ्ल्युरामिन २०२० मध्ये आलं.

तपासणीतही एक खाच आहे. पूर्वी या जनुकाचे २६ एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, एकेक करून वाचले जात. एखादा अख्खा एक्सॉन गळलेला असेल, तर दुसरी शाबूत प्रत वाचली जाऊन अहवाल निर्दोष यायचा. लक्षणं जुळत असताना असा जुना अहवाल हाती असेल, तर गळलेले तुकडे मोजणारी एमएलपीए चाचणी झाली होती का, हे विचारावं.

प्रवाह खरोखर वाढवणारे बदलही आहेत. टी२२६एम हा त्यातला ठळक. अशा मुलांचे झटके साधारण तीन महिन्यांच्या आधीच सुरू होतात, काहींचे सांधे जन्मतःच आखडलेले असतात, आणि यातल्या काहींना सोडिअम चॅनेल अडवणाऱ्या औषधांनीच आराम पडतो. म्हणजे द्रावेत टाळायची औषधं इथे उपयोगी ठरतात.

ही दिशा आता आणखी मोलाची झाली आहे. एससीएन१ए वरून प्रथिन घडवण्यासाठी निघणाऱ्या संदेशात २०एन नावाचा एक विषारी एक्सॉन कधीकधी शिरतो आणि तो संदेश वाया जातो. तो शिरू न देणारी अँटिसेन्स औषधं, म्हणजे संदेशाला चिकटणारे छोटे तुकडे, शाबूत प्रतीकडून जास्त चॅनेल बनवून घेतात. २०२० मध्ये उंदरांत त्यांनी झटके आणि मृत्यू दोन्ही कमी केले, आणि त्यानंतर ती मुलांवरच्या चाचण्यांत उतरली. एकच प्रत चालणाऱ्या मुलासाठी हा नेमका उपाय आहे. टी२२६एम असलेल्या मुलात मात्र हे औषध बिघडलेल्या चॅनेलचीच संख्या वाढवेल, म्हणून पाठीच्या कण्यातून पहिला डोस देण्याआधी बदल कोणत्या बाजूचा हे ठरलेलं असावं लागतं.