पणजीचं कुंकू काळं का दिसतं?

कोकणातल्या जुन्या घराच्या ओटीवर, वाशाखाली पुढे कललेल्या फोटोकडे बघून कुणीतरी हमखास म्हणतं, "पणजी चांगलीच काळी होती की!" फोटोवरून असं काही ठरवू नये. एकोणिसाव्या शतकात फोटो ज्या रसायन लावलेल्या काचेवर घेत, त्या काचेला लाल आणि पिवळं जवळजवळ दिसतच नसे.

फोटो उमटायचा तो चांदीच्या क्षारांवर, म्हणजे सिल्व्हर आयोडाइड किंवा ब्रोमाइडवर. प्रकाश पडला की स्फटिकातला इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्यातून पुढे चांदीचे काळे कण तयार होतात. पण इलेक्ट्रॉन सुटायला एकेका प्रकाशकणात ठरावीक ऊर्जा असावी लागते, ब्रोमाइडसाठी साधारण अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्ट. निळ्या-जांभळ्या प्रकाशकणात ती असते. तांबड्यात दोनाच्याही खाली. माडावर दिवसभर मूठमूठ वाळू उडवली म्हणून नारळ पडत नाही, एकच दगड पण जोराचा लागतो, तसंच हे. लाल उजेड कितीही पडो, काच ढिम्म. काचेवरचं चित्र उलटं, म्हणजे निगेटिव्ह असतं: छापताना जिथे काच कोरी राहिली तिथेच काळं उमटतं. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याच कारणाने.

आता हा हिशेब कोकणाला लावून बघा. जांभ्याच्या चिऱ्यातलं लोहाचं ऑक्साइड निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून चिरेबंदी भिंत फोटोत काळीकुट्ट. कुंकू काळं, हळद काळपट, झेंडूची माळ काळपट. हापूस पिकलाय की अजून कच्चा आहे, तेही कळायचं नाही, दोन्ही गडदच. गोऱ्या-सावळ्या कुठल्याही कातडीवरून निळा प्रकाश लालपेक्षा कमी परततो, त्यामुळे गव्हाळ माणूसही दोन छटा गडद उतरतो. पणजीवर अन्याय झाला तो इथे. उलट निळसर घारे डोळे अगदीच फिके दिसतात.

आभाळाचं दुखणं वेगळं. निळं आभाळ आणि पांढरा ढग दोघेही भरपूर निळा प्रकाश पाठवतात, म्हणून ढग पुसले जाऊन वर नुसता पांढरा पडदा उरायचा. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने 1856-57 च्या सुमारास यावर तोड काढली: समुद्राची निगेटिव्ह एक, आभाळाची दुसरी, आणि छापताना क्षितिजावर सांधा. फोटोत फेरफार करायला संगणकच लागतो असं थोडंच आहे!

हे तंत्र आपल्याकडे फार उशिरा आलं असंही नाही. दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत 1839 मध्ये जाहीर झाली आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते, म्हणजे भाऊ दाजी लाडांचे बंधू. मूळ गाव गोव्यात पेडण्याकडचं मांद्रे. तेव्हा चलती होती ओल्या कोलोडियनची, म्हणजे एका चिकट द्रावणाची: काचेवर त्याचा थर द्यायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि वाळायच्या आत फोटो घेऊन धुवायचीही.

काचेचा हा रंगांधळेपणा सुटायला सुरुवात झाली ती 1873 मध्ये. बर्लिनचे फोटो-रसायनतज्ज्ञ हेर्मान फोगेल यांच्याकडे आलेल्या काही काचा अनपेक्षितपणे हिरव्या प्रकाशालाही दाद देऊ लागल्या. कारण शोधलं तर थरात मिसळलेला रंग निघाला. तो हिरवा प्रकाश पकडून ऊर्जा चांदीच्या क्षाराला पोचवत होता. लाल मात्र बराच काळ बाहेरच राहिला. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा 1906 मध्ये बाजारात आल्या आणि त्यानंतरही जगभरचे स्टुडिओ कित्येक वर्षं जुन्याच प्रकारावर भागवत होते.

त्यामुळे घरचा फोटो बघताना कुंकवावर फार विसंबू नका. ते स्टुडिओवाल्याने ब्रशने गडद केलेलं असू शकतं. काच जुन्या प्रकारची होती का, हे ओळखायला भिंत आणि आभाळ बघा. शिवाय आपल्या दमट हवेने पुढची करामत केलेली असते. नीट न धुतलेल्या फोटोत उरलेल्या हायपोतलं (फोटो पक्का करायच्या रसायनातलं) गंधक चांदीशी जुळून पिवळट-तपकिरी सल्फाइड बनतं, आणि आधी चेहऱ्याच्या उजळ भागातले बारकावे जातात. पावसाळ्यात फुगलेला फोटोवरचा जिलेटिनचा थर फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. काचेसकटच तिरप्या उजेडात मोबाइलने टिपा.

आणि जुन्या फोटोत रंग भरून देणारी अ‍ॅप्स? गंमत म्हणून ठीक. लाल, हिरवं, काळं, तिन्ही लुगडी त्या काचेवर एकाच काळ्यात बुडालेली असतात, त्यामुळे अ‍ॅपने दिलेला रंग हा निव्वळ अंदाज. खरा रंग हवा असेल तर माळ्यावरची ट्रंक उघडा. लुगडं अजून असेल तर.