लघवीला आग होते: नेमकी कधी, नेमकी कुठे?

लघवी करताना आग झाली की बहुतेक जण दोनच निष्कर्ष काढतात: उष्णता झाली, नाहीतर इन्फेक्शन झालं. पाणी कमी पडलं तर लघवी दाट होते आणि थोडी चुरचुरते, इतपत पहिल्यात तथ्य आहे. पण भरपूर पाणी पिऊनही दिवसभरात चुरचुर थांबली नाही, तर कारण शोधायला हवं.

आधी बघायचं, आग कधी होते. धार सुरू होतानाच होत असेल तर बिघाड बहुधा मूत्रमार्गात असतो. शेवटच्या थेंबांना कळ येत असेल तर मूत्राशयात, किंवा पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत. बायकांना लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावर झोंबत असेल आणि खाजही असेल, तर योनीमार्गातल्या बुरशीचा संशय येतो. अर्थात हे ठोकताळे. निदान तपासणीनेच होतं.

सर्वाधिक आढळणारं कारण मात्र जंतुसंसर्गच. साध्या संसर्गांपैकी सुमारे 75 ते 80 टक्क्यांत ई. कोलाय हा एरवी आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू सापडतो. अंगावरच्या बारीक तंतूंनी तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतो, म्हणून धारेबरोबर वाहून जात नाही. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषांचा सुमारे 20. बायकांना हा त्रास जास्त होतो त्याचं मोठं कारण हे अंतर आहे; दरवेळी अस्वच्छतेवर बोट ठेवणं अन्यायाचं.

जंतू नसतानाही आग होते. सरकणारा मुतखडा, सुगंधी साबण, काही औषधं, रजोनिवृत्तीनंतर कोरडं पडलेलं अस्तर ही त्याची कारणं. परमा किंवा क्लॅमिडिया हे शरीरसंबंधातून पसरणारे संसर्ग असतील तर जोडीदारालाही उपचार लागतात. हे सांगायला लोक संकोचतात आणि दुखणं फिरून येतं.

म्हणूनच घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणं मला सर्वांत घातक वाटतं. कारण दुसरंच असेल तर त्या वाया जातात, आणि संसर्ग असला तरी अर्धवट डोसने कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट फसवा येऊ शकतो. लघवीचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यावा, तोही मधल्या धारेचा. कल्चरला साधारण एक ते दोन दिवस लागतात, पण कोणता जंतू आणि त्यावर कोणतं औषध चालेल, दोन्ही कळतं.

मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर बायकांना बहुधा नायट्रोफ्युरंटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनचा एकच डोस देतात. नायट्रोफ्युरंटॉइन लघवीत भरपूर उतरतं, पण मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसं पोचत नाही. डॉक्टर ताप, थंडी, उलट्या, बरगडीखाली पाठीत ठणका यांविषयी खोदून विचारतात ते याचसाठी: ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची लक्षणं असू शकतात. यातलं काही असेल, लघवीत रक्त दिसत असेल, बाई गरोदर असेल, किंवा त्रास पुरुषाला वा लहान मुलाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.