युग्मविकल्पी वारंवारता

एकाच जनुकाची एखाद्या जीवसमूहात निरनिराळी रूपे आढळतात. त्यांना युग्मविकल्पी किंवा अलील म्हणतात. त्या जनुकाच्या समूहातील एकूण प्रतींमध्ये एका रूपाचा वाटा किती, ती त्याची वारंवारता. माणसात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. म्हणजे ५०० वस्तीच्या पाड्यात एका जनुकाच्या १,००० प्रती झाल्या. त्यांपैकी १०० प्रती सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घडवणाऱ्या रूपाच्या असतील, तर त्या रूपाची वारंवारता ०.१. हा आकडा पिढ्यांगणिक बदलत जाणे, हीच लोकसंख्या-आनुवंशिकीत उत्क्रांतीची सर्वांत काटेकोर व्याख्या मानली जाते.

प्रभावी गुण (एका प्रतीनेही दिसणारा) आपोआप पसरत जातो आणि अप्रभावी गुण (दिसायला दोन्ही प्रती लागणारा) मागे पडतो, असा समज मेंडेलचे नियम नव्याने उजेडात आल्यावर बराच रूढ होता; आजही वर्गात तो सर्रास ऐकू येतो. इंग्रज गणिती जी. एच. हार्डी आणि जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये एकमेकांच्या नकळत तो खोडून काढला. हार्डीपुढे हा प्रश्न आणला तो त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या रेजिनाल्ड पनेट या जीवशास्त्रज्ञाने. हे तर पाढ्यांच्या पातळीचे गणित, अशी कबुली हार्डीने ते मांडतानाच दिली होती. वारंवारता ०.१ असेल आणि जोड्या यदृच्छेने जुळत असतील, तर १०० पैकी ८१ जणांत ते रूप नसते, १८ जण वाहक, म्हणजे त्याची एकच प्रत असलेले, असतात आणि एकात दोन्ही प्रती त्याच रूपाच्या येतात. बाहेरून काही घडले नाही, तर पुढच्या पिढीतही वारंवारता ०.१ च राहते. प्रभावी असणे वेगळे आणि वाढत जाणे वेगळे.

बदल घडतो तो उत्परिवर्तन, निवड (फायद्याच्या रूपाचे जीव अधिक टिकणे), स्थलांतर आणि निव्वळ योगायोग यांमुळे. उत्परिवर्तनाने नवे रूप जन्माला येते खरे, पण ते इतके विरळा घडते की केवळ त्याच्या जोरावर वारंवारता हलायला हजारो पिढ्या लागतील.

निवडीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण इंग्लंडमधल्या पतंगांचे. काजळी धरलेल्या मँचेस्टर परिसरात काळ्या रंगाचा पतंग प्रथम १८४८ मध्ये नोंदला गेला आणि १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते. महाराष्ट्रातील वाचकाला मात्र सिकलसेलचे उदाहरण जवळचे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. दोन्ही प्रती तशा असल्या की ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सांधेदुखी, रक्तक्षय मागे लागतो. अशा मुलांपैकी कित्येक पूर्वी लहानपणीच दगावत. मग हे रूप टिकले कसे? वाहकांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. भारतात निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेलचे रूप १९५२ मध्ये आढळले होते. पुढे विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा अनेक समाजांत ते असल्याचे दिसून आले. एका बाजूने मलेरिया ते वर ढकलतो, दुसऱ्या बाजूने आजार खाली खेचतो, आणि मध्ये कुठेतरी समतोल साधतो. रुग्ण मुले सगळीच दगावतात असे धरले, तर ०.१ वर समतोल राहायला वाहकांच्या तुलनेत ते रूप नसलेल्यांची सुमारे ११ टक्के हानी मलेरियाने करायला हवी.

मलेरिया हटला की वारंवारता उतरू लागते, पण तिचा वेग फसवा असतो. ०.१ ची ०.०५ व्हायला १० पिढ्या लागतात, तर ०.०१ ची ०.००५ व्हायला १००, म्हणजे पिढी २५ वर्षांची धरल्यास अडीच हजार वर्षे. कारण रूप विरळ झाले की ते जवळजवळ सगळे वाहकांत दडते आणि वाहक तर धडधाकट असतात. वारंवारता ०.०१ असताना १०,००० लोकांत एक रुग्ण आणि १९८ वाहक असतात. ‘सदोष’ माणसांना मुले होऊ न देता समाज शुद्ध करण्याच्या विसाव्या शतकातील योजना क्रूर होत्याच, शिवाय हिशेबातही चुकलेल्या होत्या.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान मध्य प्रदेशातील शहडोल येथून १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात तपासणी करून प्रत्येकाला कार्ड देतात, आणि लग्न ठरवताना दोन्ही कार्डे पाहून घ्या, वाहक-वाहक लग्न टाळा, असे सांगतात. वाहक-वाहक जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारात एक असतो. तो अशाने टळतो. जनुकाची वारंवारता मात्र यामुळे घटत नाही. उलट रुग्ण जन्मालाच न आल्याने त्या प्रती निवडीच्या तडाख्यातून वाचतात. तेव्हा ‘निर्मूलन’ म्हणायचे ते आजाराचे, जनुकाचे नव्हे.

योगायोगाने होणाऱ्या बदलाला जनुकीय विचलन म्हणतात, आणि मराठी पुस्तकांत त्याची बहुधा दोन ओळींत बोळवण होते. पीटर बुरी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेला फळमाशांवरचा प्रयोग त्यासाठी मुद्दाम पाहावा. त्यांनी १०७ वेगवेगळ्या वस्त्या केल्या. प्रत्येकीत दर पिढीला ८ नर व ८ माद्या, म्हणजे जनुकाच्या ३२ प्रती. डोळ्यांच्या रंगाच्या एका रूपाची वारंवारता सगळीकडे ०.५ पासून सुरू केली. १९ पिढ्यांनंतर ३० वस्त्यांतून ते रूप साफ नाहीसे झाले होते आणि २८ वस्त्यांत त्याच्याशिवाय दुसरे उरलेच नव्हते. नाण्याच्या छापकाट्याने व्हावा तसा हा निकाल. त्या रूपात ना काही गुण होता ना दोष. समूह जेवढा लहान तेवढा हा खेळ जोरात.

माणसांतही असे घडते. प्रशांत महासागरातील पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ आणि त्यामागून आलेल्या उपासमारीतून जेमतेम २० जण वाचले. त्यांच्यातल्या एकाकडे संपूर्ण रंगांधळेपणाचे अप्रभावी रूप असावे; जगात अत्यंत दुर्मिळ असलेला हा दोष आज बेटावरच्या ५ ते १० टक्के लोकांत आहे.

कोकणातील बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ते शब्दशः खरे धरले, तर या समाजाच्या प्रत्येक जनुकाची सुरुवात अवघ्या २८ प्रतींपासून झाली असे म्हणावे लागेल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंशांश भरपूर सापडले. २८ प्रतींत कोकणातल्या प्रतींची भर पडत गेली होती; वारंवारता बदलणारे स्थलांतर म्हणतात ते हेच.